रहदारीला वळण लावणारा विल्यम ईनो

ज्यांनीं लढाया जिंकल्या, अज्ञात समुद्र ओलांडले किंवा विलक्षण यंत्रें शोधून काढलीं, अशा पुरुषांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांनीं पुष्कळ वाचलेलीं असतात. ह्या खेपेस आम्हीं ज्या गृहस्थाचें चरित्र त्यांच्यापुढें ठेवण्याचें योजिलें आहे त्यानें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यानें एकही रस्ता बांधला नाहीं, एकही वाहन बनविलें नाहीं, आणि मोटार चालवावयास तर तो जन्मांत शिकला नाहीं. पण मोठ्या शहरांतील रस्त्यांवरून हजारों वाहनें एकमेकांस न अडवितां कशीं जावींत, ह्या एकाच प्रश्नास त्यानें आपल्या आयुष्याचीं शेवटचीं शेहेचाळीस वर्षें आणि आपल्या संपत्तीचा मोठा वाटा वाहिला. त्याचें नांव विल्यम फेल्प्स ईनो.

अमेरिकेंतील व इंग्लंडांतील शहरांलगतच्या रुंद द्रुतगति मार्गांवर सकाळ-संध्याकाळ मोटारींची जी कोंडी होते, ती सोडविण्यासाठीं नवे रस्ते न बांधतां आहे त्याच रस्त्यावरील प्रवाहाचें क्षणोक्षणीं नियमन करण्याची एक पद्धति आज रूढ झाली आहे. त्या पद्धतीचा उगम शोधीत गेलें तर आपण ह्याच गृहस्थापाशीं येऊन पोंचतों. त्याला सर्वच कळलें होतें असें मात्र नव्हे. त्याला अर्धें कळलें होतें असें आमचें मत आहे, आणि तें कां, हें पुढें येईलच.

ईनोचा जन्म ता. ३ जून १८५८ रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. त्याचे वडील एमॉस ईनो हे कनेक्टिकट संस्थानांतील सिम्सबरी गांवचे. शहरांत येऊन त्यांनीं आधीं कापडाच्या व्यापारांत आणि मग जमिनींच्या खरेदी-विक्रींत अपार पैसा मिळविला. गांवाबाहेर म्हणतां येईल इतक्या लांबच्या जागीं त्यांनीं एक प्रचंड हॉटेल बांधावयास घेतलें, तेव्हां लोकांनीं त्यांना वेड्यांत काढिलें. पण १८५९ सालीं तें उघडलें आणि थोड्याच वर्षांत शहर वाढत वाढत त्याच्या दारीं आलें. शहर कोणत्या बाजूस वाढेल हें बापाला आधीं दिसलें. वाढलेल्या शहराच्या रस्त्यांवर काय होईल हें मुलाला दिसावयाचें होतें.

तें त्याला फारच लवकर दिसलें. १८६७ सालीं, विल्यम नऊ वर्षांचा असतां, तो आईबरोबर घोडागाडींतून चालला होता. वाटेंत गाडी थांबली. पुढें गाड्या, मागें गाड्या, आडव्या रस्त्यानें आलेल्या गाड्या मध्येंच शिरलेल्या. सर्व मिळून डझनभरच गाड्या असतील. पण कोणी मागें घ्यावयाची आणि कोणी पुढें काढावयाची, हें एकाही गाडीवानास ठाऊक नव्हतें. जवळ पोलीस होता, तोही इतरांइतकाच गोंधळलेला. तो प्रसंग ईनो म्हातारपणापर्यंत विसरला नाहीं. रस्ता अरुंद होता किंवा गाड्या फार होत्या असें त्याला कधींच वाटलें नाहीं. तेथें फक्त व्यवस्था नव्हती, एवढीच खूणगांठ त्या बालमनानें बांधली. रस्त्यांत खोळंबून पडण्याचा प्रसंग आम्हां सर्वांवरच येतो. आपण चरफडतों, घरीं पोंचतों आणि विसरून जातों. ह्या मुलाला मात्र त्या खोळंब्याचें कारण शोधावेंसें वाटलें.

त्या काळच्या न्यूयॉर्कमधील रस्त्यांची स्थिति आज कल्पनेंत आणणेंही कठीण आहे. मोटारी नव्हत्याच. पण भाड्याच्या बग्ग्या, श्रीमंतांच्या गाड्या, मालाचे खटारे, घोड्यांच्या ट्राम आणि हातगाड्या यांची एकच दाटी असे. ज्याला जसें सुचेल तसा तो हांकी. गाडी रस्त्याच्या कोणत्याही बाजूस, कोणत्याही तोंडानें उभी राही. ब्रॉडवे ह्या मुख्य रस्त्यावर पोलिसांचें एक खास पथक होतें. त्याचें काम काय, तर बायामाणसांना हात धरून रस्त्यापलीकडे पोंचविणें! रहदारीचें नियमन म्हणून कांहीं काम असूं शकतें, ही कल्पनाच रूढ नव्हती. लंडनमध्यें १८६८ च्या डिसेंबरांत पार्लमेंटच्या इमारतीबाहेर गॅसवर चालणारा एक इशाऱ्याचा दिवा उभारण्यांत आला खरा, परंतु पुढच्याच महिन्यांत त्याचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जखमी झाला, आणि तो प्रयोग तेथेंच आटोपला.

ईनो येल विद्यापीठांत शिकला व १८८२ सालीं पदवीधर झाला. नंतर वडिलांच्या जमिनींच्या व्यवसायांत त्यानें लक्ष घातलें. ह्या वर्षांविषयीं सांगण्यासारखें फारसें नाहीं. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १८८४ सालीं त्याचा भाऊ जॉन, जो एका मोठ्या बँकेचा अध्यक्ष होता, बँकेचे लाखों डॉलर सट्ट्यांत घालवून कॅनडांत पळून गेला. वृद्ध एमॉसनें बहुतेक सर्व नुकसान स्वतःच्या खिशांतून भरून दिलें आणि ठेवीदारांस बुडूं दिलें नाहीं. एका घरांतील दोन भाऊ. एकानें लोकांचा पैसा उधळला आणि दुसऱ्यानें स्वतःचा पैसा लोकांसाठीं खर्चिला. सार्वजनिक कामाची ओढ त्या कुटुंबांत आणखीही दिसते. विल्यमच्या बहिणीचा मुलगा गिफर्ड पिंशो हा पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय वनखात्याचा पहिला प्रमुख झाला.

१८९८ सालीं वडील वारले. त्यांच्या मिळकतींत एक त्रिकोणी जमिनीचा तुकडा होता. तो लिलावांत निघाला तेव्हां विल्यमनें १८९९ सालीं तो ६,९०,००० डॉलरांस घेतला आणि कांहीं आठवड्यांतच ८,०१,००० डॉलरांस विकला. त्याच जागेवर १९०२ सालीं ती प्रसिद्ध इस्तरीच्या आकाराची उंच इमारत उभी राहिली, जिचें चित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं कोठें ना कोठें पाहिलेंच असेल. ज्या माणसाला महिन्याभरांत लाखावर डॉलर मिळवितां येतात त्यानें तो धंदा सोडून रस्त्यावरील बग्ग्यांची चिंता वाहावी, हें लोकांस चमत्कारिक वाटलें असल्यास नवल नाहीं. पण १८९९ सालापासून ईनोनें नेमकें तेंच केलें. तेव्हां त्याचें वय एकेचाळीस वर्षांचें होतें.

१९०० सालीं घोडेस्वारांच्या व गाडीवानांच्या एका नियतकालिकांत त्याचा पहिला लेख आला. रस्त्यावरील रहदारींत सुधारणा होणें तांतडीचें आहे, असा त्याचा मथळा सांगत होता. मागोमाग त्यानें नियमांचा एक मसुदाच तयार केला. त्या नियमांत अद्भुत असें कांहीं नव्हतें. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनें हांकावी, (अमेरिकेंत रहदारी उजवीकडून चालते, आपल्याकडे डावीकडून, म्हणून आमच्या वाचकांनीं ह्या वर्णनांतील उजवें-डावें उलटें करून समजावें.) हळू जाणाऱ्यानें कडेच्या पदपथाला धरून जावें आणि मधली जागा वेगानें जाणाऱ्यास मोकळी ठेवावी, पुढील गाडीस मागें टाकावयाचें तर तिच्या डावीकडून जावें, डावीकडे वळतांना चौकाच्या मध्याला वळसा घालून वळावें, वळण्यापूर्वीं किंवा थांबण्यापूर्वीं हातानें अथवा चाबकानें मागच्यास खूण करावी, गाडी उभी करावयाची ती उजव्या कडेस, आणि पायीं चालणाऱ्यांची वाट अडवून कधींही उभी करूं नये.

हें सर्व इतकें साधें आहे कीं त्यासाठीं कोणी आयुष्य वेंचावें कशाला, असा प्रश्न एकाद्या चलाख विद्यार्थ्याच्या मनांत येईल. त्यानें हळू वाहन व कडेची बाजू ह्या एकाच नियमाचा विचार करून पाहावा. चार घोडागाड्या शेजारीं शेजारीं मावतील एवढ्या रस्त्याच्या मधोमध एकच मंद खटारा चालला, तर मागचे सर्व डावीकडून-उजवीकडून वाट काढूं लागतात, समोरून येणाऱ्यांच्या तोंडीं जातात, आणि रुंद रस्ता एका खटाऱ्यामुळें अरुंद होतो. खंडाळ्याच्या घाटांत हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. त्याला प्रत्येक बाजूस तीन मार्गिका आहेत. अवजड वाहनांनीं डाव्या मार्गिकेंतून जावें अशा पाट्या आहेत. आमची एस. टी. एके दिवशीं चढणीवर थांबली ती दीड तास हलली नाहीं. कारण विचारतां कळलें कीं तीन मालट्रक तीन मार्गिकांतून शेजारीं शेजारीं चढत होते आणि त्यांतील एक बंद पडला. ईनोचा नियम पाटीवर होता, पण चढणीवर तो कोणी पाळला नव्हता.

नियम पाटीवर असून भागत नाहीं, हें ईनोलाही पक्कें ठाऊक होतें, आणि आम्हांस त्याच्या कार्यांतील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्याची विचारसरणी अशी होती. नियम थोडे, सोपे आणि न्याय्य असावेत, म्हणजे ते कळतील व पाळतां येतील. ते इतके सर्वत्र प्रसृत करावेत कीं मला ठाऊक नव्हते असें म्हणण्यास कोणासही जागा राहूं नये. आणि ते अमलांत आणण्यासाठीं पोलिसांना अधिकार द्यावा, पण त्याबरोबर शिक्षणही द्यावें. त्यानें आपल्या मसुद्याच्या हजारों प्रती स्वखर्चानें छापून वांटल्या. तबेल्यांतून, पोलीस-ठाण्यांतून, गाडीवानांच्या हातांत तीं पत्रकें गेलीं. ज्या मुलानें १८६७ सालीं गोंधळलेला पोलीस पाहिला होता त्यानें त्या पोलिसावर राग धरला नव्हता. त्याला कोणी शिकविलें नव्हतें, एवढेंच त्यानें ओळखलें होतें.

तीन-चार वर्षें त्याला अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. अखेर जनरल ग्रीन हे पोलीस-कमिशनर असतां, १९०३ सालच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क शहरानें त्याचे नियम स्वीकारले. एवढ्या मोठ्या शहरानें रहदारीचें असें सुसंगत नियमपत्र अमलांत आणल्याचें हें पहिलें उदाहरण समजलें जातें. ईनोला त्यासाठीं वेतन नव्हतें, हुद्दा नव्हता. पुढें लंडन व पॅरिस येथील रहदारीसाठींही त्यानें आराखडे करून दिले. एकेरी रस्ते, पायीं चालणाऱ्यांस अर्ध्या रस्त्यांत थांबण्यासाठीं सुरक्षित ओटे, भाड्याच्या गाड्यांसाठीं ठराविक थांबे, ह्या गोष्टींचा त्यानें जन्मभर पुरस्कार केला.

ह्या सर्वांत त्याची आवडती योजना म्हणजे वाटोळा चौक. १९०५ सालीं न्यूयॉर्कमधील कोलंबस सर्कल येथें त्याच्या योजनेप्रमाणें सर्व गाड्या मधल्या स्तंभाभोंवतीं एकाच दिशेनें फिरूं लागल्या. १९०७ सालीं पॅरिसमध्यें, जेथें कमानीभोंवतीं बारा हमरस्ते एकत्र येतात त्या तारकाकार चौकांतही हीच रीत सुरू झाली. तिच्यांतील मर्म असें आहे. दोन रस्ते एकमेकांस सरळ छेदतात तेव्हां निरनिराळ्या दिशांनीं येणाऱ्या वाहनांचे मार्ग बत्तीस ठिकाणीं एकमेकांस मिळतात, फुटतात किंवा छेदतात. तेथेंच वाटोळा चौक केला तर हीं ठिकाणें आठावर येतात, आणि समोरासमोर टक्कर होण्याचा संभवच उरत नाहीं. कोणास थांबावें लागत नाहीं. सर्वजण हळू, पण सतत चालत राहतात. थांबण्यापेक्षां हळू चालणें बरें, हें ईनोचें सूत्र होतें.

पण येथेंच त्याच्या विचारांतील उणीव आम्हांस दिसते. चक्राच्या आंतील व्यवस्था त्यानें लावली. चक्राच्या दाराशीं कोण उभें राहणार, हा प्रश्न सुटला नाहीं. नंतर जे वाटोळे चौक झाले त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं आंत शिरणाऱ्यास आधीं वाट देण्याचा प्रघात होता. गाड्या थोड्या होत्या तोंवर ठीक चाललें. मोटारी वाढल्यावर आंत शिरणारे शिरतच राहिले, आंतल्यांस बाहेर पडतां येईना, आणि सबंध चक्र घट्ट कुलूप लावल्यासारखें बंद होऊं लागलें. वाटोळ्या चौकांची अमेरिकेंत मोठी बदनामी झाली. त्याचा उपाय १९६६ सालीं इंग्लंडांत सांपडला: जो आंत आहे त्याची वाट पहिली, शिरणाऱ्यानें दाराशीं थांबावें. एवढ्या एका वाक्यानें चौक मोकळे झाले. पॅरिसच्या त्या मोठ्या चौकांत मात्र आजही शिरणाऱ्यासच आधीं वाट असते, आणि तेथील गर्दी प्रवाशांच्या गप्पांचा विषय होऊन बसली आहे.

ईनोच्या उतारवयांत काळ त्याच्या पुढें धांवूं लागला. १९१४ सालीं क्लीव्हलंड शहरांत विजेचे इशाऱ्याचे दिवे लागले. १९२० सालीं न्यूयॉर्कच्या पांचव्या ॲव्हेन्यूवर रस्त्याच्या मध्यभागीं मनोरे उभारून त्यांतून रंगीत दिव्यांनीं रहदारीस थांबा-चला सांगण्यास सुरुवात झाली. ईनोला हा प्रकार पसंत पडला नाहीं. सबंध रस्त्यावरील प्रवाह एकदम अडवून ठेवावयाचा आणि एकदम सोडावयाचा, ह्यांत त्याला वेळेचा शुद्ध अपव्यय दिसे. तो घोड्यांच्या युगांतला माणूस होता; घोडागाडी त्याची आवडती; मोटारींतून तो फिरे, पण चालवी दुसरा. नव्या पिढीचे एंजिनियर हातांत गणिताचे तक्ते घेऊन आले आणि दिव्यांच्या वेळा एकमेकांशीं जुळवूं लागले. ज्यानें ही विद्या सुरू केली तोच तिच्या दारांत परका होऊं लागला. त्याचें म्हणणें सर्वस्वीं चूक नव्हतें. परंतु दाट वस्तीच्या शहरांत प्रत्येक चौक वाटोळा करावयास जागा कोठून आणावयाची, ह्यास त्याच्यापाशीं समाधानकारक उत्तर नव्हतें.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. त्यानें जी शिस्त बग्ग्यांसाठीं घातली तिचा सर्वांत अधिक लाभ मोटारीस झाला. रस्ता पूर्वीं मुलांचा खेळण्याचा, फेरीवाल्यांचा, शेजाऱ्यांनीं उभ्या उभ्या बोलण्याचा होता. तो वाहनांचा प्रवाह चालण्याची जागा झाला आणि बाकीचे सर्व कडेला लोटले गेले. पायीं चालणाऱ्यांसाठीं ओटे मागणाऱ्या ईनोच्या मनांत असें कांहीं नसावें. पण परिणाम झाला तो झाला.

त्यानें कडवटपणा धरून हात झाडले नाहींत, हें विशेष. १९२१ सालीं त्यानें स्वतःच्या पैशानें रहदारीच्या अभ्यासासाठीं एक संस्था स्थापिली. कनेक्टिकटमधील सॉगाटक येथें तिचें कार्य पुष्कळ वर्षें चाललें, आणि वॉशिंग्टन येथें ती अद्याप त्याच्याच नांवानें चालू आहे. १९०९ पासून १९३९ पर्यंत त्यानें अनेक पुस्तकें लिहिलीं. शेवटचें लिहिलें तेव्हां तो एक्याऐंशी वर्षांचा होता. ता. ३ डिसेंबर १९४५ रोजीं, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षीं, त्यास मृत्यु आला. दुसरें महायुद्ध नुकतेंच संपलें होतें, आणि अमेरिकेंत शहरांच्या पोटांतून आरपार जाणारे, चौक नसलेले, दिवे नसलेले द्रुतगति मार्ग बांधण्याचें युग आतां उजाडावयाचें होतें.

एका दृष्टीनें पाहतां हे मार्ग म्हणजे ईनोच्या स्वप्नाची पूर्तिच होती. कोठेंही थांबणें नाहीं, आडवें कोणी येणें नाहीं, सर्व प्रवाह एकाच दिशेचा. तरी कांहीं वर्षांतच ते सकाळ-संध्याकाळ तुंबूं लागले. असें कां व्हावें? ह्याचें उत्तर ईनोच्या हयातींतच एकानें शोधून ठेवलें होतें. १९३० नंतरच्या दशकांत ब्रूस ग्रीनशील्ड्स या एंजिनियरानें ओहायो संस्थानांत रस्त्याकडेला कॅमेरा लावून जाणाऱ्या मोटारींचीं छायाचित्रें घेतलीं व त्यांचा वेग आणि दाटी यांचा मेळ घातला. दाटी वाढते तसा वेग कमी होतो, हें तर कोणीही सांगेल. पण त्यानें पुढें दाखविलें कीं दाटी एका मर्यादेपलीकडे गेली कीं रस्त्यावरून पार होणाऱ्या वाहनांची एकंदर संख्याच घटते. चांगल्या वाहत्या द्रुतगति मार्गाची एक मार्गिका तासाला सुमारें दोन हजार मोटारी पार करते. तीत आणखी थोड्या कोंबल्या तर त्याहून जास्त नव्हे, तर कमी पार होतात. म्हणजे रस्त्याची सर्वांत अधिक गरज ज्या तासाला असते, त्याच तासाला तो सर्वांत कमी काम देतो.

तेव्हां उपाय एकच: दाराशीं थांबविणें. १९६३ सालीं शिकागो येथें, आतां आयसेनहॉवर यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या द्रुतगति मार्गावर ह्याचा प्रयोग झाला. मुख्य मार्गावर चढण्याच्या जोडरस्त्याच्या तोंडाशीं एक पोलीस उभा केला. त्यानें येणारी प्रत्येक मोटार थांबवावयाची आणि ठरविलेल्या अंतरानें एक एक करून वर सोडावयाची. मोटारींचा घोळका एकदम घुसला म्हणजे मुख्य प्रवाहांतील सर्वांस ब्रेक लावावे लागतात. एक एक आली तर ती फटींत सहज मिसळते. पुढें पोलिसाच्या जागीं दिवा आला, रस्त्याखालीं वाहनें मोजणारीं वेटोळीं आलीं, आणि दिव्याची गति गणकयंत्र ठरवूं लागलें. पण आरंभ झाला तो ईनोच्याच हत्यारानें, म्हणजे शिकविलेल्या पोलिसानें. ज्या थांबा-चला दिव्याचा ईनोला एवढा तिटकारा, तोच दिवा दाराशीं लावतांच आंतील प्रवाह थांबेनासा झाला, हें पाहून त्याला काय वाटलें असतें कोणास ठाऊक!

दुसरा उपाय इंग्लंडांत निघाला. लंडनभोंवतीं फिरणाऱ्या एम २५ मार्गाच्या एका भागावर १९९५ सालीं असे फलक लागले कीं त्यांवरील वेगमर्यादा गर्दीप्रमाणें बदलते. पुढें कोंडी होऊं लागली कीं मागून येणाऱ्यांस कांहीं मैल आधींच वेग कमी करावयास सांगावयाचें. हें तर थेट ईनोचें सूत्र: थांबण्यापेक्षां हळू चालणें बरें. त्याचें शास्त्रीय प्रत्यंतर जपानांत मिळालें. तेथील संशोधकांनीं २३० मीटर परिघाच्या एका वर्तुळावर बावीस मोटारी ताशीं सुमारें ३० किलोमीटर वेगानें फिरवावयास सांगितलें. चौक नाहीं, अडथळा नाहीं, अपघात नाहीं. तरी थोड्या वेळानें एकानें किंचित् वेग कमी केला, मागच्यानें त्याहून अधिक, त्याच्या मागच्यानें आणखी, आणि शेवटीं कांहीं मोटारी पूर्ण थांबल्या. तो थांबा लाटेसारखा मागें मागें सरकत राहिला. ह्या प्रयोगाचा वृत्तान्त २००८ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांस एका संथ वेगांत ठेवलें तर अशी लाट उठण्यास वाव कमी मिळतो.

बर्मिंगहॅमजवळील एम ४२ मार्गावर २००६ सालीं इंग्रज एंजिनियर आणखी पुढें गेले. गर्दीच्या वेळीं त्यांनीं मार्गाची कडेची पट्टी, जी बंद पडलेल्या वाहनांसाठीं राखलेली असते, तीही वाहतुकीस खुली केली आणि अंतराअंतरावर आडोशाच्या जागा करून दिल्या. ती युक्ति तेथें यशस्वी दिसली म्हणून ती इतरत्र पसरली, आणि पुढें कांहीं मार्गांवर तर कडेची पट्टी कायमचीच काढून टाकण्यांत आली. धांवत्या मार्गिकेंत बंद पडलेल्या वाहनांवर मागून वाहनें आदळून माणसें मेलीं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०२३ सालीं सरकारनें असे नवे मार्ग करण्याचें थांबविलें. हळू चालणाऱ्यास कडा द्यावी असें ईनोनें सांगितलें होतें. जो चालूंच शकत नाहीं त्याची कडा काढून घेणें आम्हांस तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

ह्या सर्व प्रयोगांत अत्यंत मनोरंजक हकीगत अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानची आहे. मिनीॲपोलिस व सेंट पॉल ह्या जुळ्या शहरांच्या द्रुतगति मार्गांवर सुमारें ४३० जोडरस्त्यांच्या तोंडाशीं असे दिवे होते. लोक कंटाळले. समोर मार्ग मोकळा वाहतांना दिसतो आणि आपण दाराशीं तिष्ठत उभे, हें कोणास आवडेल? दिवे निरर्थक आहेत असा बोभाटा झाला. तेव्हां कायदेमंडळानें हुकूम केला कीं सर्व दिवे बंद करून काय होतें तें पाहावें. २००० सालच्या ऑक्टोबरपासून सुमारें आठ आठवडे ते बंद राहिले. परिणाम मोजण्यांत आला. मार्गांवरून पार होणाऱ्या वाहनांची संख्या शेंकडा ९ नें घटली, प्रवासास लागणारा वेळ शेंकडा २२ नें वाढला, आणि अपघात शेंकडा २६ नें वाढले. दाराशीं कोणासही थांबावें न लागल्यामुळें सर्वांस आंत थांबावें लागलें.

तथापि तक्रार करणाऱ्यांचें म्हणणें अगदींच पोकळ ठरलें नाहीं. एकाच दाराशीं कांहींजणांस फार वेळ अडकवून इतरांची सोय करणें न्याय्य नव्हे, हें अधिकाऱ्यांनीं मान्य केलें. दिवे पुन्हा लागले ते एका नव्या नियमासह: स्थानिक जोडरस्त्यावर कोणासही चार मिनिटांपेक्षां अधिक थांबवावयाचें नाहीं, आणि एका द्रुतगति मार्गावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यास दोन मिनिटांपेक्षां अधिक नाहीं. जोडरस्त्यावर रांग वाढूं लागली कीं दिवा आपोआप भराभर मोटारी सोडूं लागतो.